दोन मीटरचं अंतराळ स्थानक : प्रकल्पाच्या नोंदी

३ जानेवारी

प्रकल्प ठरला. एक पेटी दोन मीटर उंचीवरून सोडायची. आत पेटलेली मेणबत्ती आणि तिच्यासमोर मोबाइलचा कॅमेरा. पेटी खाली पोचेपर्यंत ज्योतीचं काय होतं ते टिपायचं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचं राहणं आणि तिथलं संशोधन यांवर मी बरीच वर्षं वाचतो आहे. पण एखादी गोष्ट वाचून कळते तशी ती हाताला कळत नाही, म्हणून हा खटाटोप.

निमित्त झालं भाचीच्या प्रश्नाचं. ती आठवीत आहे. “मामा, तिथे गुरुत्वाकर्षणच नसेल, तर स्थानक पृथ्वीभोवती फिरतं कशाच्या जोरावर?” प्रश्न बिनतोड होता.

गुरुत्वाकर्षण तिथे असतंच. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के भरतं. स्थानक दर सेकंदाला साधारण ७.७ किलोमीटर पुढे जातं आणि तेवढ्यात ४.३ मीटर पृथ्वीकडे पडतं. पृथ्वीची गोलाईही त्याच हिशेबाने खाली वळत जाते, म्हणून उंची तेवढीच राहते. थोडक्यात, ते सतत पडतंय, फक्त जमीन गाठत नाही. आतली माणसं, पाणी, हवा, यंत्रं सगळी बरोबरीने पडतात, त्यामुळे कुणाचा भार कुणावर येत नाही. तेच आपल्या पेटीत घडवायचं, जमेल तेवढा वेळ.

वेळेचा हिशेब मांडला. २ मीटर पडायला ०.६४ सेकंद लागतात. मोबाइल स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम टिपतो, म्हणजे हाती येतील सुमारे १५३ फ्रेम. भाचीला हा आकडा फारच तुटपुंजा वाटला. मला तो भरपूर वाटतो.

५ जानेवारी

पेटी तयार. बाहेरची प्लायवूडची, आत पाच लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी. बरणी उलटी ठेवली आहे. झाकण खाली, झाकणावर वितळलेल्या मेणाने बुटकी मेणबत्ती चिकटवली आणि वरून बरणी फिरवून घट्ट बसवली. बरणी हवीच, कारण उघडी मेणबत्ती सोडली तर पडताना लागणारा वारा ज्योत विझवेल आणि आपण बघत बसू वाऱ्याचा परिणाम.

बरणी पेटीच्या तळाला चिकटवायची की नाही यावर बराच विचार केला. अमेरिकेतल्या नासाच्या ग्लेन केंद्रात २.२ सेकंदांचा एक पातमनोरा, म्हणजे वस्तू वरून सोडून पाहायचा मनोरा आहे, २४ मीटरचा. तिथे प्रयोगाचं साहित्य एका मोठ्या खोक्यात सुटं ठेवून दोन्ही एकदम सोडतात. हवेचा अडथळा बाहेरच्या खोक्याला होतो. आतलं साहित्य खोक्याच्या आतल्या आत, त्याच्यापेक्षा किंचित वेगाने, जवळजवळ मोकळेपणी पडतं. आमची पेटी अगदी लहान, पण युक्ती तीच घेतली. बरणी आणि मोबाइल एका फळीवर बसवले आणि फळी पेटीत सुटी ठेवली. पेटीच्या तळाशी चार इंच फोम.

खाली जुनी गादी, शेजारी वाळूची बादली आणि ओला टॉवेल. दर वेळी सोडायला मी, कॅमेरा सुरू करायला भाची. काडी पेटवायचं काम माझंच, हे आधीच ठरवून टाकलं.

८ जानेवारी

सहा वेळा सोडली, सहाही वेळा वाया गेली. दोन्ही हातांनी पेटी धरून सोडताना एक हात दुसऱ्याच्या आधी सुटतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण व्हिडिओत स्वच्छ दिसतं. पेटी एका बाजूने कलते, आत ज्योत भिंतीकडे झुकते आणि खाली आपटताना मेण उडतं. पाचव्या खेपेला बरणीची एक बाजू मेणाने पांढरी झाली. ती पुसण्यात अर्धा तास गेला.

पेटी फिरली की आत पुन्हा ‘खाली’ तयार होतं, ज्या बाजूला फेकलं जातं ती. स्थानकावरही ही चिंता असते. तिथली पळायची पट्टी, म्हणजे ट्रेडमिल, थेट भिंतीला ठोकलेली नसते. पळणाऱ्याच्या पावलांचे हादरे स्थानकाच्या सांगाड्यात जाऊ नयेत म्हणून ती वेगळ्या झेलणाऱ्या जोडणीवर बसवलेली असते. पलीकडच्या कक्षात कुणाचा तरी स्फटिक वाढत असतो किंवा द्रवाचा थेंब स्थिर धरलेला असतो, त्याला धक्का लागता कामा नये.

९ जानेवारी

पेटी आता एका दोऱ्यावर टांगली. दोऱ्याची गाठ पेटीच्या भारमध्याच्या नेमकी वर येईपर्यंत ती हलवत राहिलो. ती डुलायची थांबली की कात्रीने दोरा कापायचा. तीन खेपांत तिन्ही वेळा सरळ पडली.

११ जानेवारी

आज पेटीला सुट्टी. वहीत एक पान सुरू केलं आणि त्याला नाव दिलं ‘फुकटची कामं’. जमिनीवर गुरुत्वाकर्षण न सांगता आपली असंख्य कामं करतं. गरम हवा वर नेतं, थंड हवा खाली आणतं, पाणी तळाशी ठेवतं, वाफ वेगळी काढतं, धूळ जमिनीवर बसवतं. स्थानकावर ही कामं कुणीच करत नाही, म्हणून ती माणसाला किंवा यंत्राला करावी लागतात. तिथला अख्खा दिवस या नजरेने पाहायचा असं ठरवलं.

घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर. पृथ्वीची एक फेरी सुमारे दीड तासात होत असल्याने चोवीस तासांत सोळा सूर्योदय होतात, खिडकीकडे बघून वेळ ठरवणं शक्यच नाही. उठायची वेळ साधारण सकाळी ६, मग जमिनीवरच्या नियंत्रण केंद्रांशी बोलणं: ह्यूस्टन, हंट्सव्हिल, म्युनिक, त्सुकुबा, मॉस्को. दिवसाचं काम संगणकाच्या पडद्यावर पट्ट्या-पट्ट्यांनी मांडलेलं असतं आणि त्यावरून एक लाल रेघ पुढे सरकत राहते. रेघ म्हणजे ‘आत्ता’. ती कामाच्या पुढे निघून गेली की समजायचं, उशीर झाला.

व्यायाम रोज दोन तासांच्या आसपास. भार नसल्याने हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजू शकतात, त्यामुळे हा नेम चुकवून चालत नाही. वजनं उचलायचं यंत्र आहे, पण वजनांना तिथे वजन नाही. म्हणून निर्वात सिलिंडरचे दट्टे ओढायचे, ताकद २७२ किलोपर्यंत लावता येते. ट्रेडमिलवर खांद्या-कमरेला पट्टे बांधून स्वतःला खाली ओढून धरायचं. सुनीता विल्यम्स यांनी २००७ मध्ये असंच पट्ट्यांत बांधून घेऊन बॉस्टन मॅरेथॉनचं पूर्ण अंतर स्थानकावर पार केलं होतं. मला त्याहून नवल वाटतं घामाचं. घाम ओघळत नाही. त्याचा थर अंगावर साचत जातो आणि टॉवेलने टिपून घ्यावा लागतो. पानावर लिहिलं: ‘घाम खाली नेणं’.

टॉवेल वाळतो, दमट हवेतून ते पाणी काढून घेतलं जातं आणि पिण्याच्या पाण्यात येतं. लघवीचंही तसंच. जमिनीवर ऊर्ध्वपातन सोपं असतं, पाणी उकळलं की वाफ आपोआप वर जाते आणि गाळ खाली राहतो. तिथे वाफ आणि पाणी एकमेकांत घुसळून बसतं. उपाय म्हणून ऊर्ध्वपातनाचं पिंपच फिरवतात, म्हणजे द्रव भिंतीला चिकटतो आणि वाफ मधून काढून घेता येते. २०२३ मध्ये या सगळ्या यंत्रणेने मिळून ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचं उद्दिष्ट गाठलं.

झोपायची जागा उभ्या कपाटाएवढी, झोपायची पिशवी भिंतीला बांधलेली. आत पंखा सतत चालू हवा. श्वासातून बाहेर पडलेली हवा गरम असली तरी वर निघून जात नाही, तोंडासमोरच साचते. पंखा नसेल तर माणूस स्वतःच सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत घेत राहील आणि डोकं धरून जागा होईल.

पंख्यांमुळे आणखी एक गोष्ट होते. हातातून सुटलेली वस्तू, स्क्रू असो की पेनाचं टोपण, हवेच्या ओढीने तरंगत शेवटी हवा आत घेणाऱ्या जाळीवर जाऊन बसते. वस्तू हरवली की आधी जाळ्या बघायच्या. शनिवारी साफसफाई असते, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन याच जाळ्या साफ करतात. ‘धूळ जमिनीवर बसवणं’ हे काम तिथे शनिवारी माणसं करतात. हे लिहिताना त्यांच्याबद्दल मला फार माया वाटली.

१४ जानेवारी

पेटी सरळ पडते आहे, पण आज नवी अडचण. व्हिडिओत ज्योत पहिल्या काही फ्रेममध्ये खाली बसते आणि मग नाहीशीच होते. पुढे सगळा अंधार. चार खेपा, चारही तशाच.

मी म्हटलं, बरणीतला ऑक्सिजन संपत असणार. भाची म्हणाली, “मामा, न सोडता पेटवून बघू ना.” अगदी बरोबर. बरणी टेबलावर ठेवून पाहिली. ज्योत सव्वा मिनिटाहून जास्त टिकली. झाकण लावल्यापासून दोरा कापेपर्यंत आम्हाला वीस सेकंदही लागत नाहीत. तेव्हा ऑक्सिजनचं कारण बाद. हे मला आधी सुचायला हवं होतं.

१५ जानेवारी

रात्री चारही व्हिडिओ फ्रेम-फ्रेम करून पाहिले. तिसऱ्यात सापडलं. पडण्याच्या शेवटच्या दोन तृतीयांश भागात पूर्ण अंधार. मग पेटी फोमवर टेकते, चित्र हादरतं आणि नंतरच्या दहाएक फ्रेममध्ये वातीवर पिवळी ज्योत पुन्हा उभी राहते. काडी लावायला आत कुणी नव्हतं. म्हणजे ज्योत विझलीच नव्हती. ती होती, फक्त कॅमेऱ्याला दिसत नव्हती.

कारण शोधायला वेळ लागला नाही. ज्योतीचा पिवळा उजेड काजळीच्या तापलेल्या कणांचा असतो. जमिनीवर गरम वायू भराभर वर जातात, खालून ताजी हवा ओढली जाते, ज्योतीला लांब टोक येतं आणि काजळी तापून झळकते. पडत्या पेटीत ‘वर’च नाही, तेव्हा ओढही थांबते. ऑक्सिजन फक्त विसरणाने, रेणू-रेणू सरकत, ज्योतीपर्यंत पोचतो. ज्योत मंद होते, काजळी कमी होते आणि उरते फिकी निळी. मोबाइलने उजेडाचं माप पिवळ्या ज्योतीवरून ठरवलेलं होतं, त्याला ही निळाई अंधारासारखीच दिसली.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, कारण असंच काही स्थानकावर घडल्याचं वाचलेलं होतं, आणि त्याचं महत्त्व तेव्हा मला पुरतं कळलं नव्हतं. २००९ पासून तिथे फ्लेक्स नावाचे प्रयोग झाले. इंधनाचे काही मिलिमीटरचे थेंब बंद कक्षात अधांतरी ठेवून पेटवायचे आणि ते कसे विझतात ते पाहायचं. हेतू स्थानकावरची आग विझवण्याचा. हेप्टेन नावाच्या इंधनाच्या थेंबाची ज्योत विझली, दिसेनाशी झाली, पण थेंब लहान होतच राहिला. जळण चालूच होतं, साध्या ज्योतीपेक्षा कित्येकशे अंश कमी तापमानाला, डोळ्यांना न दिसणारं. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘थंड ज्योती’ हा इंजिनांच्या अभ्यासातला विषय नव्याने उघडला. आमची ज्योत त्या अर्थाने थंड नाही, ती नुसती मंद आहे. पण “दिसत नाही म्हणजे विझली” असं मीही चार खेपा समजून चाललो होतो.

१८ जानेवारी

संध्याकाळी स्थानक दिसणार होतं. भाचीला गच्चीवर घेऊन गेलो. पश्चिमेकडून एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका वर चढला. डोक्याजवळून जाताना कुठल्याही ताऱ्याहून तेजस्वी दिसला आणि पूर्वेकडे उतरता उतरता दहा सेकंदांत मावळला. पृथ्वीच्या सावलीत शिरला. आतल्या माणसांसाठी तो त्या दिवसाच्या सोळापैकी एक सूर्यास्त होता. भाची बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. मग म्हणाली, “आत्ता तिकडे कुणाचा तरी व्यायाम चालू असेल.”

२१ जानेवारी

जमलं.

मोबाइलचं एक्स्पोझर हाताने ठरवून कुलूपबंद केलं, सुरुवातीची ज्योत पांढरीफटक दिसेल इतकं वाढवलं. खोलीत पूर्ण अंधार. अकरा खेपांपैकी पाच चांगल्या आल्या. त्यातली सगळ्यात स्वच्छ खेप इथे उतरवतो.

शून्य क्रमांकाची फ्रेम, दोरा तुटला तो क्षण: ज्योत लांब, टोकदार, पांढरी. पंधराव्या फ्रेमपर्यंत टोक बोथट होतं, जणू वरून कुणी बोट ठेवलं. तिसाव्याला उंची निम्मी. पन्नासाव्याच्या सुमारास पिवळेपणा वातीजवळ एका ठिपक्यात आटतो आणि त्याभोवती निळ्या रंगाचं घुमटासारखं कवच दिसू लागतं. शंभराव्या फ्रेमला ठिपकाही गेला. उरतं ते अर्धगोल, निळं, कडेला किंचित दाट, मध्ये जवळजवळ पारदर्शक. वात त्यातून आरपार दिसते. ते हलत नाही, लवलवत नाही. ज्योत इतकी स्तब्ध असू शकते हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

एकशे बावन्नाव्या फ्रेमला धक्का, आणि पुढच्या काही फ्रेममध्ये ती पुन्हा उंच, पिवळी, लवलवती.

हे अर्धगोल पूर्ण स्थिरावलेलं आहे असं मात्र म्हणता येणार नाही. विसरणाचा कारभार सावकाश चालतो, ०.६४ सेकंदांत तो मार्गी लागत नाही. ग्लेन केंद्रातल्या मोठ्या निर्वात खड्ड्यात साहित्य १३२ मीटर पडतं, तिथेही ५.१८ सेकंदच मिळतात. १९९६ मध्ये रशियाच्या मीर या जुन्या अंतराळ स्थानकावर अंतराळवीर शॅनन ल्युसिड यांनी मेणबत्त्या पेटवल्या तेव्हा ज्योती कित्येक मिनिटं टिकल्या. स्थानकाचं मोल मला इथे कळतं. पडायला हवा तेवढा वेळ मिळतो, आणि आत एक माणूस असतो जो बघून म्हणू शकतो, थांबा, काहीतरी वेगळं होतंय.

२५ जानेवारी

आज पाणी. रंगवलेल्या पाण्याच्या वाटीत तीन पारदर्शक नळ्या उभ्या केल्या, जाड, मध्यम, बारीक. उभ्या स्थितीत बारीक नळीत पाणी थोडं चढलेलं, जाडीत जवळजवळ नाहीच. दोरा कापला की तिन्हींत पाणी वर निघतं. पृष्ठताणाची ओढ आधीही होती, तिला खाली धरणारा भार गेला एवढंच. मध्यम नळीत तर पाणी वरच्या टोकापर्यंत पोचलं.

मग प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदाची घडी घालून एक धारदार कोपरा असलेला पेला केला, आडवा छेद थेंबासारखा. ही कल्पना अंतराळवीर डॉन पेटिट यांची. नोव्हेंबर २००८ मध्ये अंतराळात असताना त्यांनी माहितीपुस्तिकेतलं पारदर्शक प्लॅस्टिकचं पान कापून, चिकटपट्टी लावून असा पेला बनवला, म्हणजे पिशवीतून नळीने न ओढता कॉफी ओठाला लावून पिता येईल. द्रव आपण होऊन त्या कोपऱ्याने चढत काठापर्यंत येतो. आमच्या पेटीतही कोपऱ्यातून एक बारीक लाल रेघ सरसर वर गेली. भाचीने तो व्हिडिओ नऊ वेळा पाहिला.

पण हीच ओढ झाडांच्या मुळावर उठते. पाणी तळाशी जात नाही, मुळांभोवती चिकटून बसतं आणि हवा कोंडते. स्थानकावरच्या व्हेजी नावाच्या वाफ्यात २०१५ च्या ऑगस्टमध्ये लाल लेट्यूस पिकलं आणि अंतराळवीरांनी ते खाल्लंही. त्यानंतर झिनिया या फुलझाडाची पाळी आली तेव्हा डिसेंबरमध्ये पानांच्या कडांतून पाणी पाझरू लागलं आणि बुरशी धरली. पंख्याचा वेग वाढवला तर झाडं उलट सुकायला लागली. स्थानकावरचे अंतराळवीर स्कॉट केली यांनी सांगितलं की वेळापत्रकावर नको, झाड बघून पाणी घालू द्या. जमिनीवरच्या शास्त्रज्ञांनी ते मान्य केलं आणि त्यांना एक पानभर सूचना पाठवल्या. १६ जानेवारी २०१६ ला फुललेल्या झिनियाचा फोटो आला. मला त्या फोटोपेक्षा तो निर्णय जास्त आवडतो. माळीकाम ज्याच्या डोळ्यांसमोर आहे त्याच्या हाती दिलं.

१ फेब्रुवारी

शेवटचा ठरवलेला प्रयोग, भाचीने सुचवलेला. ज्योत नको, धूर. मेणबत्ती पेटवायची, फुंकायची, वातीतून धूर निघत असतानाच बरणी बसवायची आणि दोरा कापायचा. वात पाच-सात सेकंदच धुमसते, त्यामुळे दोघांची धावपळ होते. चौदा खेपांतल्या बारा उशिराच्या ठरल्या. प्रकाशासाठी बाजूला एक छोटा एलईडी लावला.

तेराव्या खेपेला मिळालं. सुरुवातीला धुराची सरळ, बारीक दोरी वर जाते आहे. पेटी सुटते. वर गेलेला धूर आधीच्या गतीने थोडा पुढे सरकतो आणि मंदावतो. वातीतून निघणारा नवा धूर मात्र वर जातच नाही. वातीच्या टोकाशी राखाडी कापसासारखा गोळा होत राहतो.

भाचीने व्हिडिओ थांबवला. “मामा, मग तिथे आग लागली तर छतावरच्या अलार्मला कळणार कसं?”

“छतावर नसतोच. हवा फिरवणाऱ्या नळांमध्ये बसवलेला असतो. पंखे धूर ओढून नेतात, तेव्हाच कळतं.”

“आणि आग लागली की पंखे जोरात करायचे?”

“बंद करायचे. वारा थांबला की ज्योतीला ऑक्सिजन पोचवणारं कुणी राहत नाही.”

तिने व्हिडिओ पुन्हा सुरू केला, धुराचा गोळा पूर्ण होईपर्यंत पाहिला. मग ‘फुकटची कामं’चं पान उघडलं आणि सगळ्यांत खाली तिच्या अक्षरात एक ओळ घातली: ‘धूर वर नेऊन आपल्याला सांगणं’.